ओठाळाची वीतभर पिल्लं

मत्स्यकेंद्रात ती लागली ती काचेच्या बाटल्या धुवायला. वय एकोणीस. आई नव्हती, बाप तळ्यात जाळी टाकून टाकून गुडघ्यांनी घरी बसला होता, आणि पाठचा भाऊ अजून शाळेत होता. केंद्र म्हणजे काठावरची तीन खोल्यांची बैठी इमारत. एका खोलीत साहेब, दुसरीत औषधी पाण्यात बुडवलेल्या माशांच्या बरण्या, तिसरीत ओली जाळी, गमबूट आणि कधीच पूर्ण बंद न होणारा नळ. खिडकीतून तळं दिसायचं. पलीकडचा काठ स्वच्छ हवेतसुद्धा दिसत नसे, एवढं मोठं.

एक दिवस मोजणारा माणूस आजारी पडला. टेबलावर दोनशे पिल्लं पडलेली. साहेब वैतागून म्हणाले, "तू धर गं पट्टी. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. चुकलीस तर चुकलीस."

दुपारपर्यंत दोनशेच्या दोनशे मोजून झाली. साहेबांनी त्यातली दहा परत मोजून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. "हिचा हात आहे की तराजूचा काटा!" ते म्हणाले. त्या दिवसापासून ती मोजणीबाई झाली. पुढे तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी सही करतानाच काय ते वापरात यायचं.

तळ्यात मासे पुष्कळ जातींचे होते, पण गाव जगायचं ते ओठाळावर. जाड, लोंबत्या खालच्या ओठाचा, तळाचा चिखल चोखत फिरणारा हा मासा. दिसायला ओबडधोबड, पण चवीला त्याच्या वरचढ दुसरा नाही, आणि आयुष्य माणसाएवढं. चाळीस, पन्नास वर्षं आरामात. वसंतात ओठाळ काठच्या गोट्यांवर येऊन अंडी घालत. त्यातून निघायची ती जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं, म्हणून त्यांना जिरेच म्हणत. महिन्या-दीड महिन्यात ती नखाएवढी होत, पावसाळा संपता संपता बोटभर. बोटभर झाली की बोटुकली. मोजणीबाई दर पंधरवड्याला नावाड्याबरोबर काठाकाठाने बारीक जाळं ओढायची, पिल्लं मोजायची, वहीत लिहायची आणि परत पाण्यात सोडायची.

मोठ्या माशाचं वय कळायचं ते त्याच्या कानातल्या हाडावरून. तांदळाच्या कणीएवढं हाड, ते घासून पातळ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. झाडाच्या खोडासारखं वर्षाला एक वर्तुळ. त्यासाठी माशांची डोकी लागत, आणि ती पुरवायचा तिचा धाकटा भाऊ. तोवर तो मिसरूड फुटून बापाच्या नावेवर बसला होता. संध्याकाळी डोक्यांनी भरलेलं घमेलं तो केंद्राच्या पायरीवर आपटायचा आणि ओरडायचा, "ताई, घे तुझी मुंडकी! लोक माशाचं अंग खातात, आमची ताई माशाचे कान कुरतडते!"

अशी अकरा वर्षं गेली. भावाचं लग्न झालं, भावजय आली. मोजणीबाईचं लग्न राहून गेलं. दोन ठिकाणी बोलणं झालं होतं, पण एकाला मासळीचा वास चालेना आणि दुसऱ्याला तिची नोकरी. ती भावाच्या घरातच मागच्या खोलीत राहिली. खोलीला एक खिडकी, एक खाट आणि वह्यांची फळी. भावजय बोलकी होती, दोघींचं बरं जमायचं.

तिसाव्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की काहीतरी बिनसलंय.

त्या वर्षी तिने भावाने आणलेली तीनशे डोकी फोडली. सगळ्यात तरुण ओठाळ निघाला बारा वर्षांचा. तिने मागच्या वर्षाची वही काढली. तेव्हाचा सगळ्यात तरुण अकरा वर्षांचा. त्याच्या मागच्या वर्षी दहा. ती वह्या मागे मागे उलटत गेली. बारा वर्षांत तळ्यात एकही नवा मासा मोठा झाला नव्हता. जे होते तेच दर वर्षी एकेक वर्षाने म्हातारे होत होते.

पण जिरे तर निघत होते! लाखांनी निघत होते. तिने पिल्लांच्या वह्या काढल्या. ज्येष्ठात जाळ्याला नऊशे. श्रावणात दोनशे. पावसाळा सरताना अकरा, कधी चार. थंडी संपल्यावर शून्य. मग पुन्हा वसंत, पुन्हा लाख जिरे, आणि पुन्हा शून्य. सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. वहीतलं एक एक पान ती बघत आली होती, अख्खी वही कधी एकदम बघितली नव्हती. त्याचं तिला पुढे आयुष्यभर वाईट वाटत राहिलं.

घरी तिने भावाला सांगितलं. तो हसला. "ताई, डोकं फिरलंय तुझं. आज निघालेला ओठाळ मला एकट्याला उचलेना. आपले आबा सांगतात, त्यांच्या वेळी एवढे मोठे मासे नव्हते. तळं भरभराटीला आलंय, आणि तू म्हणतेस मेलं?"

"मोठे आहेत कारण म्हातारे आहेत," ती म्हणाली. "तळ्यात सगळे आजोबाच उरलेत रे. नातवंडं कुठेत?"

"असतील कुठेतरी खेळत," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

साहेबांना मात्र पटलं. त्यांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं की आणखी आकडे पाठवा. ते पाठवले. मग वरचे साहेब बदलले, त्यांनी पहिल्यापासून मागवले. घोडं असं सहा वर्षं अडून राहिलं. अखेर गावच्या सभागृहात सगळ्या मच्छीमारांची बैठक बोलावली गेली. साहेबांनी तिलाच उभं केलं. म्हणाले, "आकडे तुझे, तूच सांग."

तिने सांगितलं. आता सगळ्यात तरुण ओठाळ अठरा वर्षांचा आहे. पिल्लं का मरतात ते नक्की माहीत नाही. पण ती जगायला लागेपर्यंत म्हाताऱ्यांना तरी धक्का लावू नका, कारण अंडी घालणारे तेवढेच आहेत. मासेमारी बंद करा.

मग मागून एक जण ओरडला, "बाई, तुम्ही राहता कोणाच्या घरात? खाता कोणाचं?" हशा पिकला. तिसऱ्या रांगेत भाऊ बसला होता. तो हसला नाही. मांडीवरची टोपी त्याने एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली, आणि बैठक संपायच्या आधी उठून गेला.

त्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "मुंडकी मीच आणून दिली तुला. माझ्याच हातांनी."

बंदी लागू झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. तळ्यावरच्या साठ-सत्तर नावा काठावर पालथ्या पडल्या. काही जण गाव सोडून गेले. भाऊ बर्फाच्या कारखान्यात पहारेकरी झाला. जिथे तो आपले मासे बर्फात घालून घ्यायचा, त्याच फाटकावर तो आता स्टूल टाकून बसू लागला. घरी त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. घरातून जा असं म्हणाला नाही, तेवढंच. आठ वर्षं एका छपराखाली दोघं राहिली आणि मधे भावजय निरोप नेत राहिली. "वन्सं, हे विचारतायत दिवाबत्तीचं बिल आलं का." आणि भाऊ तिथेच, चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून बसलेला. भावजय एकदा न राहवून म्हणाली, "अहो, तोंड आहे ना तुम्हाला? माझी जीभ झिजली हमाली करून!" तो उठून बाहेर गेला. लोक कोणाला पाण्यात पाहतात म्हणजे काय, ते मोजणीबाईला त्या घरात कळलं.

आणि बंदी लावून झालं काय? काहीच नाही. म्हातारे जाळ्यात मरायचे थांबले, पण पिल्लं जगेनात. ज्येष्ठात नऊशे, थंडीनंतर शून्य. मग कारणांचा शोध सुरू झाला. कोणी म्हणालं, काठची लव्हाळी बुजवून शेतं केली, पिल्लांना लपायला जागा नाही. कोणी म्हणालं, शेतातलं खत तळ्यात उतरतं म्हणून दर पावसाळ्याच्या शेवटी पाणी हिरवं होतं, आणि तो हिरवा थर कुजला की तळाशी प्राणवायूच उरत नाही. कोणी कल्ल्यांतल्या उवा दाखवल्या. सगळ्यांचंच थोडं थोडं खरं होतं, आणि त्यातलं एकही चुटकीसरशी सुटणारं नव्हतं.

तेव्हा मोजणीबाईने साहेबांना सुचवलं, "बोटभर असताना मरतात ना? मग आपण वीतभर करून सोडू."

केंद्रामागे चार तलाव खणले गेले. वसंतात गोट्यांवरून अंडी आणायची, ट्रेमध्ये उबवायची, जिरे तलावात सोडायचे. पहाटे पाण्यात हात घालून ऊब बघायची, दिवसातून चारदा चारा टाकायचा, दर आठवड्याला पन्नास पिल्लं काढून मोजायची. नख, बोट, दोन बोटं, मग दुसऱ्या वर्षी वीत. तिच्या तलावांत पिल्लं मजेत वाढायची. तळ्यात हजारात एक जगत नव्हतं, तिच्याकडे शंभरात साठ जगायची. वीतभर झाली की प्रत्येकाच्या पोटाच्या कातडीखाली तांदळाएवढी काचेची खूण टोचायची. त्या खुणेत त्या पिल्लाचा नंबर असे. यंत्र जवळ धरलं की ते पिंग करायचं आणि नंबर दाखवायचं. मग हौदाच्या गाडीतून पिल्लं काठावर न्यायची आणि सोडायची. वर्षाला तीन-साडेतीन हजार. अंडी घालण्याच्या गोट्यांवरही तसंच यंत्र पाण्याखाली बसवलं. ओठाळ सात-आठ वर्षांनी वयात येतो. तोवर वाट बघायची.

तलाव खणल्यापासून सातव्या वर्षी एका सकाळी ती तलावातून पिल्लं काढत होती. जाळ्यात घासून त्यांचे खवले उडत आणि चार दिवसांनी तिथे पांढरी बुरशी धरे. तिला ते कळत होतं, पण उपाय सुचत नव्हता. मागून कोणीतरी तिच्या हातातलं जाळं धरलं. रात्रपाळी संपवून भाऊ कारखान्यातून येत होता.

"गाठीचं जाळं आहे हे," तो म्हणाला. "पिल्लांना गाठ खरवडते. बिनगाठीचं लागतं. आणि असं ओढू नकोस, दमून पोट वर करतील. दे इकडे."

आठ वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. तिने जाळं सोडून बादली उचलली, कारण बोलली असती तर रडली असती, आणि रडणाऱ्या माणसासमोर तो उभा राहत नसे. दुसऱ्या दिवशी तो बिनगाठीचं मऊ जाळं शिवून घेऊन आला. नंतर रोज येऊ लागला. पहारा संपला की तलाव. पिल्लांच्या चाऱ्यावरून तिच्याशी भांडू लागला, पाण्यावर सावलीसाठी फळ्या टाकू लागला. घरी भावजय म्हणाली, "वन्सं, झोपेत पण मासेच मोजतायत हो हे!" सोडायच्या दिवशी तो पिल्लं बादलीने ओतू देत नसे. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओंजळीने सोडायचा.

"पोरं आहेत ती," तो म्हणायचा. "फेकायला दगड नाहीत."

पहिली तुकडी वयात यायचं वर्ष आलं. गोट्यांवरचं यंत्र वसंतभर गप्प राहिलं. म्हातारे आले, अंडी घालून गेले, खुणेचा मासा एकही आला नाही. "उशिरा येत असतील," भाऊ म्हणाला. पुढच्या वर्षीही यंत्र गप्पच होतं. "खोल पाण्यात रमली असतील," साहेब म्हणाले. साहेबही आता निवृत्तीला आले होते आणि त्यांना कसल्या तरी चांगल्या बातमीची फार गरज होती.

तळ्याच्या मधोमध एक बेट होतं. त्यावर वाळकी झाडं आणि झाडांवर पाणकावळ्यांची हजारभर घरटी. तिसऱ्या वर्षीही यंत्र बोललं नाही, तेव्हा मोजणीबाईच्या मनात त्या बेटाचं आलं. हातातलं यंत्र घेऊन एकदा तिथे फिरून यावं. केंद्राची मोटारबोट बेटापर्यंत जात नसे, भोवती पाणी उथळ. भावाने अकरा वर्षं पालथी पडलेली नाव उलटली, भेगांत डांबर भरलं, वल्ही घासली. त्याला बेटाचं तसं काही वाटत नव्हतं. नाव पाण्यात जातेय याचाच त्याला आनंद होता. जाताना तो गात होता, बेसूर आणि मोठ्याने.

पाणकावळ्यांची पिल्लं उडून गेल्यावरचे दिवस होते, घरटी रिकामी. बेटावर पांढऱ्या विष्ठेचा वीतभर थर आणि नाक फाटेल असा वास. तिने यंत्राची काठी जमिनीजवळ धरली.

पिंग.

तिने नंबर पाहिला. तिच्याच हाताने टोचलेला, पाखराच्या पोटातून न पचता पडलेला. एक पाऊल टाकलं. पिंग. पुन्हा पिंग. मग ते थांबेना. एका झाडाखाली तर एकावर एक असे नंबर आले की यंत्राला वाचता येईनात. ती वाकून चालत राहिली, भाऊ मागे वही धरून लिहीत राहिला. दुपारपर्यंत चारशेसहा झाले आणि बेटाचा चौथा भागही झाला नव्हता.

भावाचा हात मधेच थांबला. "ताई, हे सातने सुरू होणारे नंबर. हे कधीचे?"

तिला खोटं बोलायला हवं होतं. पण आकड्यांच्या बाबतीत ती कधी खोटं बोलली नव्हती आणि तिला ते जमत नव्हतं. "मागच्या वर्षीचे," ती म्हणाली.

म्हणजे त्याने ओंजळीने सोडलेले. त्याने वही मिटली, एका दगडावर ठेवली आणि नावेत जाऊन बसला. उरलेलं बेट तिने एकटीने केलं.

पुढे जे झालं ते तिच्या हातात नव्हतं. नंबरांची बातमी गावात फुटली, आणि इतकी वर्षं राग कोणावर काढावा हे न कळणाऱ्या माणसांना शत्रू सापडला. तिने घसा फोडून सांगितलं, "पाणकावळ्याचा दोष नाही हो! तळाचं पाणी कुजतं, पिल्लं श्वासासाठी वर येतात, वर आलेलं पिल्लू पाखरू उचलतं. पाखराने नाही उचलली तरी ती मरतातच." कोणी ऐकलं नाही. वीस-पंचवीस माणसं कुऱ्हाडी घेऊन नावांतून बेटावर गेली. त्यात तिचा भाऊ होता. ती काठावर त्याच्या नावेचा दोर धरून उभी राहिली. "जाऊ नकोस. काही उपयोग नाही."

"सोड ताई."

"पाणी हिरवं आहे तोवर—"

"मला हात आहेत," तो म्हणाला, "त्यांना काहीतरी करू दे." आणि त्याने दोर तिच्या मुठीतून सोडवून घेतला.

दोन दिवसांत झाडं गेली. पाणकावळे कुठे गेले देव जाणे. त्या पावसाळ्याच्या शेवटी, पाणी सगळ्यात हिरवं असताना, मोजणीबाईने खुणा टोचलेली दोनशे पिल्लं तळ्यात पिंजऱ्यात ठेवली. पिंजऱ्याला वरून जाळी, पाखराची चोच जाणार नाही अशी. भाऊ रोज सकाळी नाव घेऊन बघून यायचा. नवव्या सकाळी तो पिंजरा ओढत काठाला घेऊन आला. दोनशेच्या दोनशे पोटं वर करून तरंगत होती. तो पाण्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि ती काठावरून त्याच्याकडे. "तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. तिला वाटलं, आता तो पुन्हा बोलणं टाकेल. तसं झालं नाही. तो बोलत राहिला, पण हवापाण्याचं, भावजयीच्या गुडघ्यांचं, कारखान्यातल्या नव्या यंत्राचं. माशांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही आणि तलावांकडे फिरकला नाही.

साहेब निवृत्त झाले. वरून पत्र आलं की पिल्लं वाढवण्याचं काम निष्फळ ठरल्याने थांबवण्यात येत आहे. चारही तलावांचं पाणी काढलं, तळाला गवत उगवलं. काठची शेतं जागची हलली नाहीत, खत उतरायचं थांबलं नाही. शेतकऱ्यांनाही पोटं होतीच, त्यांना तरी काय म्हणायचं? मोजणीबाई आणखी आठ वर्षं मोजत राहिली. तिच्या सांगण्यावरून कोणी काही करणार नव्हतं, पण पट्टी, जाळं आणि वही हे तिला येत होतं, आणि घरी बसून खिडकीतून तळं बघणं तिला येत नव्हतं. त्या आठ वर्षांत नवा नावाडी तिला एकदा म्हणाला, "बाई, शून्यच निघणार असेल तर काठावर बसूनच लिहूया की!" ती हसली आणि म्हणाली, "शून्यसुद्धा मोजून आलं पाहिजे रे." आणि गमबूट चढवून पाण्यात उतरली.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वसंतात गोट्यांवर एक्केचाळीस ओठाळ आले. तिने लागण्याच्या वर्षी ते मोजण्यापलीकडे होते, पाणी काळं दिसायचं. आता सगळ्यात तरुण माशाचं वय चाळीस होतं. तिच्या नोकरीपेक्षा एक वर्ष जास्त. अंगावर खवले विरळ, शेपट्या फाटलेल्या, एकाचा डोळा पांढरा. माद्या गोट्यांवर अंग घासत होत्या आणि नर त्यांच्याभोवती थरथरत होते, दर वर्षीसारखेच. तिने थोडी अंडी काढून बशीत घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फुगीर, स्वच्छ, आतून गर्भ हलताना दिसत होता. कसलाही दोष नव्हता. तिने तसं वहीत लिहिलं.

निरोपाला चहा झाला. एकोणचाळीस वर्षांच्या वह्या खोक्यांत भरून गाडीत चढवल्या गेल्या. मोठ्या शहरातल्या मोठ्या कार्यालयात त्या नेणार होते. तिने विचारलं, "कोणी वाचणार आहे का?" गाडीवाल्याला ते कसं माहीत असणार? तो म्हणाला, "बाई, मला फक्त पत्ता माहीत आहे."

घरी भावाने खाटेवर जागा करून दिली. दोघं शेजारी बसली. भावजयीने आतून विचारलं, "वन्सं, उद्यापासून काय करणार तुम्ही?" ती काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "झोपू दे की तिला जरा." पण दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत ती उठलेली होती आणि दारात उभी होती, कुठे जायचं ते न कळून.